एक भांडार कीं अनेक प्रती?

अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें हें गांव आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, येथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. छापखाना नसलेल्या त्या काळीं ग्रंथाचा प्रसार कसा झाला असेल, याचा श्रोत्यांनीं विचार करावा. एकानें पोथी उतरून घ्यावी, त्याच्या प्रतीवरून दुसऱ्यानें उतरावी; आज जो घेणारा, तोच उद्यां देणारा. आधुनिक संगणकशास्त्रांत ज्या रचनेस ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात, तिचें मर्म हेंच होय.

दुसरी रचना ‘क्लायंट-सर्व्हर’ नांवाची. ती ग्रंथालयासारखी असते. वाचकानें मागावें, भांडारानें द्यावें. तेथें चूक एकाच ठिकाणीं दुरुस्त होते. परंतु भांडार बंद पडलें, कीं सर्वच वाचक रिकाम्या हातांनीं परततात.

मग पोथीचीच रीत श्रेष्ठ मानावी काय? निर्णय इतका सोपा नाहीं. एक प्रत जळाल्यानें ग्रंथ बुडत नसे, हें खरें. पण प्रतीवरून प्रत होतांना अपपाठ शिरत गेले. अखेर शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं ग्रंथ शुद्ध केला आणि त्यांत कोणीं पदरच्या ओव्या घालूं नयेत, अशी ताकीदही दिली.

संगणकांच्या जाळ्यांतहि हाच पेंच पडला. १९९९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या नॅप्स्टरमध्यें गाणीं लोकांच्या संगणकांवर असत. त्यांची सूची मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होती. २००१ सालीं न्यायालयाच्या हुकुमामुळें ती सेवा बंद झाली. गाणीं जागच्या जागीं राहिलीं, पण तीं कोणाकडे आहेत हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. त्याच वर्षीं आलेल्या बिटटोरेंटनें फाइलीचे लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याची गणितानें काढलेली खूण आधींच नोंदून ठेवली. तुकडा कोणाहि अपरिचिताकडून येवो, खूण जुळली तरच तो स्वीकारला जातो. ही खुणांची नोंद मात्र प्रथम विश्वासू हातून मिळावी लागते.

तात्पर्य, ग्रंथ टिकावा म्हणून प्रती अनेक असाव्यात, आणि तो शुद्ध राहावा म्हणून कसोटी सर्वमान्य असावी. शाळेचें दप्तर किंवा घरचीं जुनीं कागदपत्रें संगणकांत ठेवणाऱ्यानेंहि एवढें ध्यानीं धरावें: प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी, आणि ती मुळाशीं अधूनमधून ताडून पाहावी.