क्षयरोग आणि आपले ज्ञातिकर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



समाजाच्या आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेले एक निवृत्त शिक्षक आहो. आरोग्याच्या सर्व प्रश्नांचा ऊहापोह करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एका रोगाविषयी बोलावे असे फार दिवसांपासून मनात आहे. कारण त्याच्या निवारणास औषधाइतकीच आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांची गरज आहे. तो रोग म्हणजे क्षय.

आपल्या पूर्वजांनी त्यास राजयक्ष्मा म्हटले आणि त्यापुढे हात टेकले. सन १८८२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. तथापि औषध हाती नव्हते. डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, याच रोगाने गेल्या. पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडण्यास १९४३ साल उजाडावे लागले. आज नेहमीच्या प्रकारचा क्षय सुमारे ६ महिन्यांच्या औषधोपचाराने बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

असे असूनही जगातील दर ४ क्षयरुग्णांपैकी सुमारे १ आपल्या देशातील असतो. सन २०२५ पर्यंत क्षय हटविण्याचा संकल्प शासनाने २०१८ मध्ये जाहीर केला होता. रोग मात्र हटलेला नाही. औषध आहे, दवाखाना आहे. मग अडते कोठे? त्याची कारणे अनेक आहेत. दारिद्र्य आहे, दाटीची वस्ती आहे, मधुमेह व तंबाखू आहे. परंतु ज्या एका कारणाचा उगम आपल्या माजघरात आहे, ते म्हणजे लपवाछपवी.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. तिची आई महिनोन्‌महिने खोकत असे. विचारले की घरचे सांगत, ‘जुना दमा आहे, गुरुजी.’ घरात नणंदेच्या लग्नाची बोलणी चालू होती. क्षयाचे नाव बाहेर फुटले तर स्थळ हातचे जाईल, ही धास्ती. लग्न यथासांग पार पडले आणि मग दवाखाना झाला. तोवर उशीर झाला होता. ती माउली वाचली नाही. मुलीची तपासणी केली तेव्हा तिच्याही फुप्फुसात रोग आढळला. ती ६ महिन्यांत खडखडीत बरी झाली. ज्या औषधाने लेक वाचली, त्याच औषधाने वेळीच आईही वाचली असती.

या घरास आम्ही दुष्ट म्हणणार नाही. त्यांना भीती होती ती आपल्यासारख्यांच्या जिभेची. स्थळाची चौकशी करताना ‘घरात कोणाला छातीचे दुखणे तर नाही ना?’ असे हलक्या आवाजात विचारणारे आपणच आहोत. रोगी लपतो तो आपल्याला भिऊन.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट समजून घेतल्या पाहिजेत. क्षय हा कुळाचा दोष नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकतो, तेव्हा हवेतून जंतू पसरतात. ताटवाटीने किंवा कपड्यांनी तो पसरत नाही. मानेच्या गाठींच्या क्षयाचा तर दुसऱ्यास संसर्ग होत नाही. योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. मद्रास येथील क्षय-संशोधन केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामात ठेवलेल्या रोग्यांइतकेच सुधारतात, आणि त्यामुळे घरच्या माणसांस अधिक धोका होत नाही. मग सुनेस माहेरी धाडण्याचे प्रयोजन काय? धोका आहे तो उपचार न झालेल्या, दडवून ठेवलेल्या रोगाचा.

दुसरी गोष्ट अन्नाची. झारखंडात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांस ६ महिने माणशी दरमहा ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ देऊन पाहिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्या कुटुंबीयांतील नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शासन रुग्णास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊ लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. तथापि ही रक्कम रुग्णापुरती आहे, आणि चूल साऱ्या घराची असते.

तेव्हा मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत.

पहिली, आपल्या वधूवर-सूचक शाखेने ठराव करावा की, उपचार पूर्ण करून बरा झालेला मुलगा वा मुलगी सर्वार्थाने निरोगी समजली जाईल, आणि कोणाच्या घरच्या क्षयाची कुजबुज मंडळाच्या कार्यालयात होणार नाही.

दुसरी, दरवर्षी संमेलनाच्या दिवशी आरोग्य खात्याच्या साहाय्याने येथेच तपासणीची सोय करावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असल्यास संकोच न करता तपासून घ्यावे. रुग्णाच्या घरच्या सर्वांचीही तपासणी व्हावी.

तिसरी, विद्यार्थी-साहाय्य निधीच्या धर्तीवर एक पोषण-निधी उभारावा आणि शासनाच्या २०२२ पासूनच्या ‘निक्षय मित्र’ योजनेत नाव नोंदवून रुग्णांच्या घरी शिधा पोहोचवावा. हा निधी आपल्या ज्ञातीपुरता नसावा. काही सभासदांस हे रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु क्षयाचा जंतू जात विचारीत नाही. शेजारच्या वस्तीत तो राहिला, तर आपल्या अंगणात येण्यास त्यास किती वेळ लागणार?

ज्ञातिसंस्था कशासाठी, असा प्रश्न हल्ली तरुण मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. केवळ मुंजी-लग्नांच्या पत्रिका आणि गुणवंतांचे सत्कार एवढ्यावर त्याचे उत्तर भागणार नाही. पुढील संमेलनात एखादी भगिनी याच व्यासपीठावर उभी राहून ‘मला क्षय झाला होता आणि मी बरी झाले’ असे मोकळेपणी सांगू शकली, तर त्या प्रश्नाचे उत्तर आपण दिले असे होईल. हे तीन ठराव आजच्याच सभेत विचारास घ्यावेत, अशी अध्यक्ष महाराजांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.