काचेच्या भिंतीआडचे शेजारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनस, महागाईभत्ता किंवा कामगार कायदे यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, त्यांवर वर्षभर बोलतोच. वसंतात मला माशांवर बोलू द्या. शाळा मी नववीत सोडली, तेव्हा शास्त्रज्ञाचा आव आणणार नाही. पुस्तके वाचली, मासे पाळले, त्यांतले काही माझ्या चुकीने मेलेही. तेवढ्याच शिदोरीवर बोलतो.

‘सिक्लिड’ हे नाव आपणांस परके वाटेल; पण हे कुळ ओळखीचे आहे. बाजारातली चिलापी त्याच कुळातली. तिची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणली गेली. गोव्याकडच्या मचूळ पाण्यातला कालुंदर हा मात्र आपला अस्सल देशी सिक्लिड. जगात या कुळाच्या सतराशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. ही जात अंड्यांना आणि पिलांना जिवापाड जपते. पुष्कळ जातींत तर मादी अंडी तोंडात धरून तीन-तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. जो घर आणि पोर जपतो, तो शेजाऱ्याशी भांडतोही. सिक्लिडांच्या भांडणाचे मूळ पुष्कळ अंशी इथेच आहे.

आमच्या कचेरीत तळमजल्यावर एक मोठी टाकी आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे सुमारे ६८० लिटर, आणि नुसत्या पाण्याचेच वजन तितके किलो. तिची लोखंडी घोडी आमच्याच एका फिटरने जोडून दिली. दुकानदार म्हणाला, “एवढी मोठी टाकी आहे, साहेब, सगळे नांदतील.” मला ते पटले, कारण मीही सभांतून हेच सांगत आलो होतो की एकत्र आणा, एकी आपोआप होईल. मी ऑस्कर घेतले, एंजल घेतले, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले पट्टेदार ऑराटस आणि पिवळे लॅब घेतले. सगळे सिक्लिडच, एकाच कुळातले!

दोन महिन्यांत एंजल दिसेनासे झाले. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. ऑराटसच्या नराने अर्धी टाकी आपली म्हणून ठरवली. एका रात्री मी उशिरा आलो, तर एक पिवळा मासा पृष्ठभागाशी, फिल्टरच्या नळीआड उभा. परांच्या चिंध्या झालेल्या. सकाळी तो मेला होता. त्या दिवशी मी वाचायला बसलो.

मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे. तिथे हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच संपते. काचेत पळायला जागा नसते; म्हणून तेच भांडण जिवावर बेतते. तेव्हा शेजारी निवडायचे, ते पळण्याची वाट बंद आहे हे धरून.

पहिली कसोटी पाण्याची. ऑस्कर आणि एंजल ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले; मलावीचे पाणी जड आणि अल्कधर्मी. दुसरी अन्नाची. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरचे मासे, ज्यांना तिथले टोंगा लोक ‘म्बुना’ म्हणतात, ते बहुतांशी दगडावरचे शेवाळ खरवडून जगतात. त्यांना ऑस्करचे मांसल खाणे दिले, तर पोट फुगून मरतात. तिसरी वाढीची. दुकानातला बोटभर मासा पाहू नये. तो पुरता वाढल्यावर केवढा होईल ते पाहावे. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने घडवलेला संकर तर एकटाच ठेवावा.

मग नर-मादीचा हिशेब. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात. म्हणजे एकीच्याच मागे ससेमिरा लागत नाही. सारख्या रंगाचे दोन नर नकोत. ते एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. म्बुना चार-पाच ठेवले, तर सगळा मार एका दुबळ्याला बसतो. वीस-पंचवीस ठेवले, तर तो वाटला जातो. मात्र मासे वाढले की घाणही वाढते. फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवे. नव्या टाकीत घाण पचवणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे भरण्याची घाई नको. सौम्य मासे आधी सोडावेत, दांडगे शेवटी. नवे सोडताना दगडांची मांडणी बदलावी. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सर्वांना नव्याने सुरुवात करावी लागते.

आज त्या टाकीत पिवळे लॅब आहेत, तांबूस रस्टी आहेत, आणि तळाशी मलावीचाच एक मिशाळ सिनोडॉन्टिस आहे. दगडांत कपारी भरपूर आहेत. कुरबुरी रोज होतात. जीव जात नाही.

ऑस्कर आणि ऑराटस मी जाणत्या पाळणाऱ्यांकडे दिले. ऑराटस दुष्ट होता का? मुळीच नाही. आपल्या सरोवरात तो योग्यच वागला असता. निवड माझी चुकली होती. माणसे संघटनेत आपल्या पायांनी येतात, न पटल्यास उठून जातात. माशाला कोणी विचारलेले नसते. जो दुसऱ्यांना अशा जागी एकत्र आणतो, जिथून त्यांना जाता येत नाही, त्याने त्यांच्या भांडणाचा दोष त्यांच्या स्वभावावर ढकलू नये. पाणी, अन्न, जागा आणि शेजार यांचा जाब त्यानेच द्यायचा असतो.