कॅप्टन निमो आणि आपली मुले



सुटीत मुलांना कोणती पुस्तके द्यावीत, असे पालक नेहमी विचारतात. पुस्तक वाचून झाल्यावर मुलाशी काय बोलावे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. म्हणून आज एकच पुस्तक घेऊन बोलणार आहे : ज्यूल व्हर्नची १८६९-७० साली फ्रेंच मासिकातून क्रमशः आलेली ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तेव्हा लेखक काही परका नाही.

सुरुवात नावापासून करावी. २०,००० लीग ही समुद्राची खोली, असे बहुतेक मुले समजतात. मोठेही समजतात! व्हर्नची लीग ४ किलोमीटरांची. म्हणजे ८०,००० किलोमीटर, पृथ्वीला दोन वेढे होतील इतका तो प्रवास. हा हिशेब मुलालाच करू द्यावा.

मग विचारावे, ‘नॉटिलस’मधून सुटून जावेसे तुला वाटले असते का? तिथे प्राध्यापक आरोनाक्स कैदी आहेत. पण १२,००० ग्रंथांचे ग्रंथालय आणि काचेपलीकडचा समुद्र पाहून ते रमून जातात. नेड लँड हा कॅनडाचा हार्पूनवाला. त्याला त्या ग्रंथांचे काय होय? सुटका केव्हा, एवढेच तो विचारीत राहतो. हुशार मुले प्राध्यापकांची बाजू घेतात. मीही त्या वयात घेतली होती. आज नेडचे म्हणणे मला अधिक पटते.

खरी अडचण पुढे येते. एक युद्धनौका पाणबुडीवर तोफा डागते. ती कोणत्या राष्ट्राची, हे व्हर्न सांगत नाही. त्या राष्ट्राने आपला देश, बायकामुले, आईबाप, सर्वस्व हिरावले, असे निमो म्हणतो. आणि तो ती नौका माणसांसकट बुडवितो. नंतर एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हुंदके देतो. मुलांना त्रास नको म्हणून हे प्रकरण आवरते घ्यावे, असे काहींना वाटते. माझे मत अगदी उलट आहे. हे प्रकरण गाळले, तर हातात उरते ते निव्वळ यंत्राचे वर्णन.

इथे मुलाला उत्तर देऊ नये. त्याला मागच्या पानांकडे न्यावे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याला हाच निमो शार्कच्या तोंडून सोडवितो, वर मोत्यांची थैली देतो, आणि आपण त्याच्याच पीडित देशातले आहोत, असे म्हणतो. ही दोन्ही कृत्ये एकाच माणसाची कशी, हे मुलाने स्वतःशी ताडून पाहावे.

आणखी एक गोष्ट. १८७४-७५ च्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत व्हर्न सांगतो की निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. (आधी लेखकाच्या मनात तो रशियाने छळलेला पोलिश उमराव होता, प्रकाशक एत्झेल यांना ते रुचले नाही.) आपण ही बातमी मुलाला आधीच मोठ्या अभिमानाने सांगून टाकतो. ‘अरे, निमो आपला!’ झाले, मुलाचा विचार तिथेच संपला. आपल्या माणसाचा न्याय करायचा कसा? माझी विनंती अशी, की ही गोष्ट मुलाने आपला निकाल दिल्यानंतर सांगावी, आणि निकाल बदलला का, हे विचारावे.

माझ्या पुतण्यावर मी हा प्रयोग केला. त्याने निमोला साफ खुनी ठरविले होते. बुंदेलखंड ऐकून तो गप्प झाला. झाशी कुठे, बुंदेलखंड कुठे, हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो म्हणाला, “काका, पण त्या जहाजावरचे खलाशी सत्तावन साली कुठे होते?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो पुन्हा ते प्रकरण काढून वाचीत बसला.