कामाची मागणी आणि पोचपावती

भातकापणी उरकली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. वारली, कातकरी, ठाकर कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पुष्कळांनी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत भट्टी सुटत नाही. मुलांची शाळा मात्र सुटते.

गावातच काम मिळावं म्हणून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्येच केला. देशाचा कायदा आला 2005 मध्ये. काम मागणं हा हक्क आहे, हे या दोन्ही कायद्यांचं मर्म. पण तोंडी मागणी कागदावर येत नाही. म्हणून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि तारखेची पोचपावती मागून घ्या. तिथून 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याचा दावा त्याच चिठोऱ्यावर उभा राहतो. काम सुरू झाल्यावर हजेरीपटात आपलं नाव रोज लागतंय ना, तेही पाहा.

मजुरी रखडली की घराला मुकादमाची रोख उचलच जवळची वाटते. यात मजुराचा दोष नाही. मजुरी वेळेवर देणं ही शासनाचीच जबाबदारी आहे.

पाड्यावरच्या शिकलेल्या मुलामुलींनो, यंदा दिवाळीआधी शेजारपाजाऱ्यांचे अर्ज भरून द्या.