गोधडीची मागची बाजू

मी पुण्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज हप्ता आणि व्याज बाजूला ठेवूया. आज गोधडीबद्दल, सिनेमाबद्दल आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल सांगते.

मागच्या हिवाळ्यात शहरात एक प्रदर्शन होतं. आमच्या स्टॉलवर गोधड्या होत्या. पुण्यात आफ्रिकेतल्या देशांतून पुष्कळ मुलंमुली शिकायला येतात. त्यांतलीच एक मुलगी आली. गोधडी उलटी करून मागचे टाके बघायला लागली, जाणती बाई बघते तशी. पण आमचं लक्ष तिच्या हातांकडे गेलंच नाही. गेलं ते रंगाकडे आणि केसांकडे. एकीनं पदराआड हसू दाबलं, एकीनं न विचारता मोबाईलवर फोटो काढला. मी गप्प राहिले. ती हिंदीत एवढंच म्हणाली, "दीदी, मला हिंदी समजतं." गोधडीची नीट घडी घातली आणि निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतः सावळी. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्यासमोर माझ्या रंगाची चर्चा केली होती. ते कसं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले.

पुढच्या मासिक बैठकीत मी मोबाईलवर काही गोधड्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या कुठल्या? कुणी म्हणालं सोलापूरकडच्या, कुणी म्हणालं बीडकडच्या. त्या होत्या अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या, जीज बेंड या गावच्या. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या पूर्वजांना कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबवलं जायचं. गुलामी संपली, पण गरिबी राहिली. मग विटलेल्या पँटी, शर्ट, पोत्यांचं कापड जोडून त्या थंडीसाठी गोधड्या शिवायच्या. मिसूरी पेटवे या बाईंचा नवरा वारला, तेव्हा १९४२ साली त्यांनी त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर घेता यावी म्हणून. हे ऐकून आमच्या एक मावशी डोळे पुसायला लागल्या. त्यांच्या घरी सासूबाईंच्या लुगड्याची गोधडी आहे.

त्याच भागात १९६६ साली बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. म्हणजे आपल्यासारखाच गट म्हणा ना! मतदार यादीत नाव घालायला गेल्या म्हणून काही कुटुंबांची कामं गेली, घरं गेली होती. त्यांना हातात पैसा हवा होता. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कला विकल्या जाऊ लागल्या. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या पोस्टानं त्यांच्यावर दहा तिकिटं काढली.

इतकं लांब जायलाही नको. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, बरेचसे गुलाम म्हणून आणलेले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे गोधडीच. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

मग आम्ही सिनेमा बघितला, 'सेल्मा'. २०१४ चा आहे. एवा डुव्हर्ने या कृष्णवर्णीय बाईंनी तो दिग्दर्शित केलाय. सेल्मा हे गाव जीज बेंडपासून फार लांब नाही. सिनेमा इंग्रजीत आहे, म्हणून मी मध्येमध्ये थांबवून सांगत गेले. त्यात अ‍ॅनी ली कूपर नावाची बाई मतदार यादीत नाव घालायला जाते. कारकून तिला घटनेची प्रस्तावना म्हणायला लावतो. ती म्हणते. मग विचारतो, राज्यात जिल्हा न्यायाधीश किती? ती बरोबर सांगते, सदुसष्ट. मग तो म्हणतो, आता त्या सगळ्यांची नावं सांग!

खोलीत कुणी काही बोलेना. मग आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "आपण पहिलं खातं काढायला गेलो, तेव्हा खिडकीवर असंच झालं होतं की गं. दर खेपेला नवा कागद." त्या बाईचा रंग तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि हे नातं आजचं नाही, बरं का. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलं. जोतीरावांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण तिकडची बेडी आणि इकडची बेडी त्यांनी ओळखली होती. पुढे बरोबर दीडशे वर्षांनी, २०२३ साली, त्याच डुव्हर्नेबाईंनी 'ओरिजिन' नावाचा सिनेमा केला. त्यात आपले बाबासाहेब आंबेडकर आहेत. पुण्यातून निघालेल्या नमस्काराला तिकडून उत्तर आलं, असं मला वाटलं.

आता आपलं काम. तुमच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. जीज बेंडच्या गोधड्या बघा, 'सेल्मा'मधला तो प्रसंग बघा आणि त्यावर बोला. आणखी एक. शहरालगतच्या गावांत तुमच्यापैकी काही जणी खोल्या भाड्यानं देतात. आफ्रिकेतली मुलगी खोली विचारायला आली, तर कागद बघा, भाडं ठरवा, कुणालाही करतो तेवढी चौकशी करा. पण रंग बघून दार लावू नका.

ती मुलगी मला पुन्हा भेटली नाही. भेटली तर आधी माफी मागेन. मग विचारेन, "ताई, आमच्या टाक्यात काय बघत होतीस?" तेवढं विचारायचं राहून गेलं.