किल्ली कोणाच्या कमरेला?

निमोण्यासारख्या गावातील जुन्या वाड्यात धान्याच्या कोठाराची किल्ली घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला असायची. ती गावाला निघाली की किल्ली सुनेच्या हाती यायची. किल्ली कोणाजवळ आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असे. आता कोठाराच्या जागी संगणक आला आणि किल्लीच्या जागी पासवर्ड. पण तो कोणाकोणाला ठाऊक आहे, हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही!

याची किंमत केवढी पडते, ते पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा बाहेर आला. रक्कम तेरा हजार कोटींच्या वर गेली. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविणारी ‘स्विफ्ट’ नावाची यंत्रणा असते. तिच्यावरून संदेश जात राहिले, पण बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंद झाली नाही. कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. एक अधिकारी २०१० पासून २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच शाखेत राहिला. संदेश लिहिणारा एक व तपासणारा दुसरा, असा दंडक होता. पण एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरला, असा तपासयंत्रणांचा आरोप आहे. कुलपे दोन, पण किल्ल्या एकाच खिशात! तो अधिकारी गेल्यावर नव्या माणसाने नियमाप्रमाणे पूर्ण तारण मागितले, तेव्हा बिंग फुटले. मग या दोन यंत्रणा ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडा, असे रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना बजावले.

यावर उपाय म्हणून आता हे काम यंत्राकडेच सोपवतात. कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांची नोंदवही संगणकाच्या कुलपांना जोडलेली असते. माणूस रुजू झाला की कामापुरतीच दारे उघडतात. बदली होताच जुनी मिटतात. निवृत्तीच्या दिवशी सगळीच बंद. बिल करणारा आणि मंजूर करणारा एकच निघाला, तर यंत्र अडवते. कोणी केव्हा दार उघडले याची नोंद राहते, ती तपासनिसापुढे ठेवता येते.

पण मुख्याध्यापक महाशय, शालार्थमध्ये पगारबिल भरायला तुम्ही आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगितलात, तर यंत्र बिचारे काय करील? त्याच्या लेखी ते काम तुम्हीच केलेले असते, आणि चौकशीत जाबही तुम्हालाच द्यावा लागतो.

म्हणून एवढे कराच. शाळेत, सोसायटीत, ग्रामपंचायतीत कोणाकडे कोणता अधिकार आहे, याची यादी करा. प्रत्येकाला त्याच्या नावाचा वेगळा प्रवेश मागून घ्या. कोणी बदलून गेला, तर निरोपाच्या नारळाआधी त्याचा प्रवेश बंद करा. यात अविश्वास नाही. उद्या पैशाचा घोळ झाला, तर प्रामाणिक माणसाला वाचवणारी हीच नोंद असते.