'के' जीवनसत्त्व आणि नवजात अर्भक



प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आवळ्यातले ते 'क' जीवनसत्त्व. आम्ही बोलणार आहो ते 'के'. कोपनहेगन येथील संशोधक हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशरहित खाद्य दिले, तेव्हा ती रक्तस्रावाने मरू लागली. त्या शोधातून १९३५ साली या द्रव्याला नाव मिळाले. डाम आणि डॉइझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक लाभले. रक्त गोठण्यासाठी यकृत जी द्रव्ये सिद्ध करते, त्यांतील चार 'के'वाचून निरुपयोगी ठरतात.

माठ, शेवगा, अळू खाणाऱ्या धडधाकट माणसास याची उणीव सहसा भासत नाही. मात्र भाजीस थोडे तेल हवे, कारण हे स्निग्धात विरघळणारे आहे. पित्तमार्ग तुंबलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. बंदराकाठी राहणाऱ्या आपणांस उंदीर काही नवे नाहीत. त्यांना मारण्याची पुष्कळशी औषधे 'के'चे कार्य अडवूनच त्यांचा प्राण घेतात. मुलाच्या पोटात ते गेल्यास लक्षणे एकदोन दिवसांनीही उमटतात. म्हणून मूल हसतखेळत असले तरी वेष्टनासह तत्काळ दवाखाना गाठावा.

परंतु खरी चिंता तान्ह्या बाळाची. आईने कितीही पाला खाल्ला तरी वारेतून 'के' फारच थोडे उतरते. मातेच्या दुधातही ते अल्पच. याचा अर्थ दूध तोडावे असा कोणी करू नये. त्या दुधाची सर कशालाच नाही. उणीव भरून काढण्यास जन्मतःच मांडीत एक मिलिग्रॅमची सुई पुरते. एक किलोहून कमी वजनाच्या बाळास अर्धा मिलिग्रॅम. केंद्र सरकारने २०१४ साली यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

"एवढ्याशा जिवाला सुई कशाला?" असे आजी विचारते. तिची माया खोटी नव्हे. पण सुई न दिलेल्या बाळास दुसऱ्या आठवड्यानंतर, कधी तिसऱ्या महिन्यापर्यंतही, अकस्मात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो बऱ्याचदा मेंदूत होतो. असे क्वचित घडते; मात्र जे मूल वाचते तेही पुष्कळदा जन्माचे अधू होते. आधी बेंबीतून रक्त पाझरते, अंगावर निळे डाग उठतात, काळी शी होते. पुढे बाळ ओकते, गुंगीत जाते, दूध ओढीत नाही. अशा वेळी दृष्ट काढीत बसणे आम्हांस मान्य नाही. दृष्ट मागाहूनही काढता येते.

प्रसूती घरी झाली, वाटेत झाली, वा सुईणीच्या हातून झाली, तर ही सुई राहून जाण्याचा संभव अधिक. त्याच दिवशी बाळास आरोग्य केंद्रात न्यावे. आणि रुग्णालयातून बाळंतिणीस घरी आणताना कागदावर 'व्हिटॅमिन के' दिल्याची नोंद आहे की नाही, हे घरातील एखाद्या वाचत्या माणसाने पाहून घ्यावे. नसल्यास तेथेच परिचारिकेस विचारावे.